काचेला धडकणारे पक्षी : घर, गॅलरी आणि सोसायटीसाठी बचावाचे उपाय

मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, म्हणजे पाऊस कोकणात दाखल होण्याच्या सुमारास, नवरंग पक्षी इमारतीच्या जिन्याखाली, गाड्या लावण्याच्या जागेत किंवा घराच्या ओसरीत निपचित बसलेला सापडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. पक्षी लांबच्या प्रवासाने दमला असावा किंवा त्याला ऊन लागले असावे, असा लोकांचा समज होतो आणि कधी कधी तो खराही असतो. परंतु जवळपासच्या भिंतीवर मोठे तावदान असेल, तर आधी त्या काचेकडे पाहावे. नवरंगाप्रमाणेच कोकणातील तिबोटी खंड्या, जमिनीलगत सुसाट उडणारा पाचू कवडा, थव्याने वेगात जाणारे हरियाल, तांबट, कोकीळ आणि पावसाळ्यानंतर उत्तरेकडून येणारे छोटे वटवटे हे सर्व पक्षी काचेवर आदळतात. धडकेनंतर पक्षी मेला, तर त्याची मान मोडली असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक बहुतेक वेळा डोक्याला बसलेल्या माराने मेंदूत रक्तस्राव होऊन तो मरतो, आणि म्हणूनच धडकून लगेच उडून गेलेला पक्षी वाचला असे धरून चालता येत नाही.

हा प्रश्न केवळ काचेने मढवलेल्या टोलेजंग इमारतींचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे दर वर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींच्या काचांवर आदळून मरत असावेत, असा अंदाज मांडला गेला. त्यात गगनचुंबी इमारतींचा वाटा एक टक्क्याहून कमी होता. तीन मजल्यांपर्यंतच्या घरांचा वाटा ४४ टक्के होता आणि उरलेला जवळजवळ सर्व भार मध्यम उंचीच्या इमारतींवर होता. पक्षी झाडांच्या उंचीवर वावरतात, त्यामुळे झाडांच्या उंचीवरची काच त्यांना मारते. आपल्याकडील बंगले, चार-पाच मजली सोसायट्या, शाळा आणि दवाखाने नेमके याच उंचीचे असतात. म्हणूनच एका कुटुंबाने आपल्या एका खिडकीवर केलेले काम खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

पक्ष्याला काच का दिसत नाही

काच दोन प्रकारे फसवते आणि उपाय निवडण्यापूर्वी आपली काच कोणत्या प्रकारची आहे हे समजून घेणे आवश्यक आहे. पहिला प्रकार प्रतिबिंबाचा आहे. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि खोलीत कमी असतो, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काचेत समोरचे झाड, आकाश आणि ढग दिसतात. पक्षी त्या झाडावर बसायला किंवा त्या आकाशात शिरायला निघतो. निळसर, हिरवट किंवा आरशासारखी चकाकणारी काच या बाबतीत सर्वांत घातक असते, आणि ऊन अडवण्यासाठी लावलेली चकचकीत सनफिल्म साध्या काचेलाही तसेच करून टाकते. दुसरा प्रकार आरपार दिसण्याचा आहे. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असल्या, कोपऱ्यात दोन काचा काटकोनात जुळल्या किंवा गॅलरीला काचेचा कठडा असला, तर पक्ष्याला पलीकडचे झाड सरळ दिसते आणि मध्ये काही आहे याची त्याला कल्पनाही येत नाही.

माणूस काच ओळखतो ती चौकट, मूठ, काचेवरचे डाग, आतला पडदा यांवरून. ही ओळख अनुभवाने आलेली असते. पक्ष्याकडे ती नसते. शिवाय बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना आजूबाजूचे विस्तृत दिसते, पण नाकासमोरचे दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारे क्षेत्र अरुंद असते. ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने झाडीतून वाट काढणारा पक्षी फांद्यांमधल्या मोकळ्या जागा शोधत जातो, आणि कोरी काच त्याच्या लेखी एक प्रशस्त मोकळी जागा असते. पुढचा सगळा उपाय याच गोष्टीवर उभा आहे: पक्ष्याला काचेवर आपल्या अंगाला पुरेल एवढी मोकळी जागा दिसता कामा नये.

पहिली पायरी : दोषी खिडकी शोधणे

घरातील सगळ्या खिडक्यांना एकदम हात घालू नये. सहसा एखाद-दुसरी काच वारंवार पक्षी घेत असते आणि बाकीच्या निरुपद्रवी असतात. ती काच शोधण्यासाठी घराबाहेर जावे, कारण आतून पाहिले तर काहीच कळत नाही. सकाळी सात-आठच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी चारच्या पुढे इमारतीभोवती फिरून प्रत्येक काचेकडे झाडाच्या बाजूने पाहावे. जिच्यात पाने न् पाने ओळखू येतील इतके स्वच्छ प्रतिबिंब दिसते, ती काच पहिल्या यादीत घालावी. उन्हाची दिशा बदलली की प्रतिबिंबही बदलते, म्हणून दोन वेळा पाहणे जरुरीचे आहे.

त्यानंतर काचेच्या पृष्ठभागाकडे तिरप्या उजेडात अगदी जवळून पाहावे. होला, कवडा किंवा पारवा आदळला असेल, तर त्याच्या पिसांवरची बारीक पांढुरकी भुकटी काचेला चिकटून राहते आणि दोन्ही पसरलेले पंख, छाती, कधी कधी चोचीचे टोक एवढे सगळे त्यात उमटलेले दिसते. लहान पक्षी असा ठसा सोडत नाहीत. त्यांच्या बाबतीत काचेला चिकटलेले नखाएवढे पीस, त्याच्या मुळाशी वाळलेला ओला डाग, एवढीच खूण मिळते. खिडकीखालचा छज्जा, कुंड्यांमागची जागा आणि झुडपांचा तळ तपासावा. सोसायटीतील सफाई कामगारांना आणि पहाटे फेरी मारणाऱ्या पहारेकऱ्यांना आवर्जून विचारावे. मेलेला पक्षी मांजर, कावळा किंवा झाडू यांच्या हाती लवकर लागत असल्यामुळे रहिवाशांना ‘आमच्याकडे असे काही होत नाही’ असे मनापासून वाटत असते आणि त्याच इमारतीच्या झाडूवाल्या मावशींना मात्र कोणत्या कोपऱ्यात पक्षी सापडतात हे पाठ असते.

तारीख, वेळ, कोणती काच आणि पक्षी ओळखता आल्यास त्याचे नाव, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. उपाय केल्यानंतर फरक पडला की नाही हे या वहीवरूनच कळेल, आणि पुढे सोसायटीच्या सभेत तीच उपयोगी पडेल.

मापाचा नियम

सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे सांगतो, कारण बहुतेक प्रयत्न येथेच फसतात. खुणा काचेच्या बाहेरच्या बाजूला हव्यात, संपूर्ण काचेवर हव्यात आणि दोन खुणांमधले अंतर सर्व दिशांनी पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे. पाच सेंटीमीटर म्हणजे मोठ्या माणसाची जुळवलेली साधारण तीन बोटे. ठिपके काढायचे असतील, तर प्रत्येक ठिपका किमान सहा मिलिमीटर व्यासाचा असावा. रेषा काढायच्या असतील, तर पाच सेंटीमीटर अंतराच्या आडव्या रेषा किमान तीन मिलिमीटर जाड आणि उभ्या रेषा किमान सहा मिलिमीटर जाड असाव्यात. उभ्या रेषांसाठी दहा सेंटीमीटरपर्यंतचे अंतर जुन्या शिफारशींमध्ये मान्य केलेले आहे आणि मध्यम आकाराच्या पक्ष्यांना ते पुरते. परंतु आपल्या बागांमध्ये शिंजीर, शिंपी आणि फुलटोच्या यांच्यासारखे अंगठ्याएवढे पक्षी भरपूर असतात, ते दहा सेंटीमीटरच्या फटीतून जाण्याचा सहज प्रयत्न करतात. म्हणून ज्याला शक्य आहे त्याने पाचच सेंटीमीटर धरावे, असे माझे मत आहे.

बाहेरच्या बाजूचा आग्रह का, हेही समजून घ्यावे. प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर तयार होते. आतून चिकटवलेली नक्षी त्या प्रतिबिंबाच्या मागे लपते आणि पक्ष्याला दिसतच नाही. उन्हात बाहेर उभे राहून आतल्या पडद्याची फुले मोजण्याचा प्रयत्न केला, की हे कोणालाही पटते.

रंगाच्या बाबतीत साधा विचार पुरेसा आहे. काचेत गर्द झाडी किंवा अंधारी खोली दिसत असेल, तर पांढरा रंग उत्तम उठून दिसतो. मागे नुसते आकाश असलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ गच्चीच्या काचेच्या कठड्यावर, पांढरा फिका पडतो. तेथे काळा किंवा नारिंगी वापरावा.

साहित्य आणि कृती

काचेच्या बाहेरच्या बाजूपर्यंत हात पोहोचत असेल, म्हणजे तळमजला, बंगला किंवा गॅलरीतील सरकते दार असेल, तर ऑइल पेंटच्या मार्करने ठिपके काढणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. काच साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी आणि नंतर स्पिरिटने पुसून घ्यावी, कारण स्वयंपाकघराच्या बाजूच्या काचेवर तेलकट थर असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग एका मोठ्या कागदावर पाच सेंटीमीटरचे चौकोन आखून तो कागद आतल्या बाजूने काचेला चिकटवावा आणि बाहेरून प्रत्येक छेदबिंदूवर ठिपका द्यावा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे काम नवे वाटणार नाही. चार फूट रुंद आणि तीन फूट उंच, म्हणजे सुमारे १२० बाय ९० सेंटीमीटरच्या तावदानावर आडवे २४ आणि उभे १८ असे ४३२ ठिपके बसतात. दोघांनी मिळून केले, तर एका सकाळचे काम आहे. कडेच्या ओळी चौकटीपासून अडीच सेंटीमीटरवर घ्याव्यात. हा रंग पावसात टिकतो आणि पुढे नको झाल्यास पात्याने खरवडून निघतो.

हाताने ठिपके काढायचे नसतील, तर वाहनांच्या नंबरप्लेट आणि स्टिकर कापून देणाऱ्या रेडियमच्या दुकानात जावे. ही दुकाने तालुक्याच्या गावीही असतात. त्यांच्याकडे बाहेरच्या वापराचे व्हिनाइल असते आणि यंत्रावर त्याचे एक सेंटीमीटर व्यासाचे ठिपके किंवा सहा-सात मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या हव्या तेवढ्या कापून मिळतात. ठिपके सुटे घेऊ नयेत. ठरलेल्या अंतरावर मांडलेले, वरून चिकटकागद लावलेले अख्खे ताव मागावेत, म्हणजे ताव काचेवर दाबून कागद ओढला की ठिपके जागच्या जागी बसतात. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे ‘वन वे व्हिजन’ नावाने मिळणारी बारीक छिद्रांची फिल्म हादेखील चांगला पर्याय आहे. बसच्या खिडक्यांवरील जाहिरातींसाठी ती वापरली जाते. बाहेरून ती अपारदर्शक दिसते, आतून बाहेरचे बऱ्यापैकी दिसत राहते आणि ऊनही कमी होते. दवाखाना, वाचनालय, जिन्याची मोठी काच अशा ठिकाणी मी ती पहिल्यांदा सुचवीन.

दोऱ्यांचा पडदा हा तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात काचेला काहीच चिकटवावे लागत नाही आणि भाड्याच्या घरातही तो करता येतो. तीन-चार मिलिमीटर जाडीची गडद रंगाची नायलॉनची दोरी घ्यावी. खिडकीच्या रुंदीएवढी लाकडी पट्टी किंवा ॲल्युमिनियमची नळी खिडकीच्या वर, काचेपासून सुमारे पाच सेंटीमीटर पुढे बसवावी आणि तिला दहा-दहा सेंटीमीटरवर दोऱ्या बांधून खिडकीच्या तळापर्यंत सोडाव्यात. वरच्याच मापाच्या तावदानाला बारा दोऱ्या लागतात. पहिली कडेपासून पाच सेंटीमीटरवर घ्यावी. गाठीसाठीची लांबी धरून तेरा-चौदा मीटर दोरी पुरते. प्रत्येक टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरून वितळवावे, नाहीतर पीळ सुटून त्याची झिरमिळी होते. दोऱ्या मोकळ्या सोडल्या तर वाऱ्याने हलतात आणि पक्ष्यांना जास्त चांगल्या दिसतात, असा सर्वसाधारण सल्ला आहे. पण कोकणपट्टीत पावसाळी वाऱ्याने त्यांचा गुंता होतो, तेथे खालची टोकेही दुसऱ्या पट्टीला बांधून घ्यावीत. अमेरिकेत असे दोऱ्यांचे पडदे बरीच वर्षे वापरात असून त्यांचा परिणाम चांगला असल्याचे तपासून पाहिलेले आहे. उभ्या रेषांचे दहा सेंटीमीटरचे माप येथे चालते, कारण दोऱ्या काचेच्या पुढे असतात आणि त्यांचे स्वतःचेही प्रतिबिंब काचेत उमटते.

जुन्या वाड्यांतील आणि चाळींतील खिडक्यांना उभे लोखंडी गज असत, आणि त्यांमधली फट जेमतेम तळहाताएवढी असे. पक्ष्यांसाठी म्हणून ते कोणी बसवले नव्हते, पण बाहेरून येणाऱ्या पक्ष्याला तेथे अडथळा स्पष्ट दिसतो. खिडकीला बाहेरून दाट ग्रिल असेल, त्यावर मधुमालतीसारखा वेल चढवला असेल किंवा गॅलरीला बांबूची चिक लावलेली असेल, तर वेगळे काही करण्याची गरज सहसा पडत नाही. डासांची जाळीही काचेच्या बाहेरच्या पन्हळीत असेल, तर ती प्रतिबिंब मोडते. सरकत्या खिडकीत जाळीचा पाखा ज्या बाजूला असतो तेवढी अर्धी काच मात्र सुरक्षित आणि उरलेली उघडी राहते, हे ध्यानात ठेवावे. कबुतरांसाठी बांधतात ती नायलॉनची जाळीही चालते. पण ती ताणून बांधलेली असली पाहिजे. सैल, फाटलेली किंवा बारीक तंगूसची जाळी पक्ष्याचे पाय आणि पंख अडकवते, आणि त्यातले मरण काचेपेक्षा बरे म्हणता येत नाही.

आजच काहीतरी करणे भाग आहे, कारण सकाळपासून दुसरा पक्षी आदळला, अशा वेळी ओल्या साबणाच्या वडीने, पोस्टर कलरने किंवा पाण्यात कालवलेल्या चुन्याने काचेवर बाहेरून दाट आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात. पहिल्या पावसात त्या जातील, पण तोपर्यंत पक्का उपाय करायला वेळ मिळेल.

वरच्या मजल्यांवर

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून खिडकीबाहेर वाकून ठिपके काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. सरकत्या खिडकीचे पाखे ॲल्युमिनियम सेक्शनचे काम करणारा कारागीर पन्हळीतून उचलून आत काढून देऊ शकतो. खोलीत आडवे ठेवून त्यांच्यावर काम करावे आणि बाहेरची बाजू बाहेरच येईल अशी काळजी घेऊन परत बसवून घ्यावेत. अचल काचेसाठी इमारतीच्या रंगकामाची किंवा काचसफाईची वाट पाहावी. दोरावर उतरणारे कामगार त्या वेळी तेथे असतातच, आणि व्हिनाइलचे तयार ताव दिले तर ते चिकटवून देतात. तोपर्यंत धोक्याच्या महिन्यांत काच सरकवून जाळी पुढे ठेवणे, एवढे तरी रोज करता येते. दोन खिडक्या समोरासमोर असतील, तर एका खिडकीचा पडदा पूर्ण ओढल्याने आरपार दिसणे थांबते. प्रतिबिंबावर मात्र आतल्या पडद्याचा इलाज चालत नाही.

काचेचे कठडे आणि इतर पारदर्शक आडोसे

डोंगरउतारावरील बंगले, रिसॉर्ट आणि नव्या गृहसंकुलांमध्ये काचेच्या कठड्यांची हौस वाढली आहे. पक्ष्याच्या दृष्टीने हा खिडकीपेक्षाही अवघड प्रकार आहे, कारण दोन्ही बाजूंना मोकळे आकाश असते आणि काचेला बहुधा चौकटही नसते. येथे उभ्या व्हिनाइल पट्ट्या किंवा वरच्या दांडीपासून तळापर्यंत बांधलेल्या दोऱ्या हा चांगला उपाय आहे. पट्ट्या बाहेरून लावाव्यात आणि कठड्याच्या वरच्या काठापर्यंत न्याव्यात. कठडा नव्याने करायचा असेल, तर लोखंडी किंवा स्टीलच्या उभ्या सळ्यांचा करावा, हे माझे स्पष्ट सांगणे आहे. त्याला निगाही कमी लागते.

पावसाळ्यात गॅलरीत झड येऊ नये म्हणून बांधलेले स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक, पुलांवरील आवाज अडवणारे पारदर्शक फलक, पोहण्याच्या तलावाभोवतीची काच आणि काचेचे बसथांबे यांनाही हाच नियम लागू पडतो. घरच्या प्लास्टिकसाठी मुळात रंगीत किंवा रेघांचे प्लास्टिक आणले की काम झाले. रस्त्याकडेच्या फलकांवर बाजूबाजूने मोठ्या पक्ष्याचे काळे चित्र चिकटवलेले दिसते, ते पुरेसे नाही.

या काळ्या चित्राबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ससाण्याची आकृती पाहून लहान पक्षी घाबरतील, अशी त्यामागची कल्पना होती. न हलणाऱ्या आकृतीला पक्षी शिकारी समजत नाहीत; त्या चित्राला टाळून शेजारच्या कोऱ्या काचेवर आदळतात. एका तावदानावर एक-दोन सुंदर स्टिकर, लोंबती सीडी, प्लास्टिकचे घुबड यांचीही तीच गत आहे. अतिनील किरण परावर्तित करणारे, माणसाला न दिसणारे स्टिकर बाजारात मिळतात. परंतु सर्व पक्ष्यांची अतिनील दृष्टी सारखी तीक्ष्ण नसते आणि पहाटेच्या मंद उजेडात असे किरण फारसे नसतात, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

दयाळ, शिंजीर किंवा बुलबुल रोज सकाळी काचेवर किंवा गाडीच्या आरशावर चोची मारत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. विणीच्या हंगामात नर स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून भांडतो. त्यात तो सहसा मरत नाही, मात्र दमतो. आरशाला कापडी पिशवी घालावी आणि तेवढा काचेचा भाग बाहेरून कागदाने झाकावा. काही आठवड्यांत हे थांबते.

पाण्याचे भांडे, झाडे आणि दिवे

उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याचे मातीचे भांडे ठेवण्याची चांगली सवय आपल्याकडे रुजली आहे, पण ते कोठे ठेवावे याचा विचार क्वचितच होतो. भांडे किंवा दाणे काचेपासून एक मीटरच्या आत, शक्यतो खिडकीच्या कट्ट्यालाच लागून ठेवावेत, किंवा मग दहा मीटरपेक्षा लांब ठेवावेत. अगदी जवळून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला अंतर मिळत नाही, त्यामुळे काचेला लागला तरी सहसा इजा होत नाही. तीन ते आठ मीटर हे अंतर सर्वांत वाईट, कारण शिक्रा आला किंवा मांजर दिसले, की तेथून पक्षी पूर्ण वेगाने काचेकडे झेपावतो. ज्या काचेजवळ पाणी किंवा दाणे ठेवतो, त्या काचेवर खुणा केल्याच पाहिजेत. आतल्या बाजूला काचेला टेकून ठेवलेल्या हिरव्या कुंड्या खोलीत मागे सरकवाव्यात.

नवरंगासह अनेक पक्षी स्थलांतराचा प्रवास रात्री करतात आणि प्रखर उजेड त्यांना भरकटवतो. मे-जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात गच्चीवरचे, दर्शनी भागाचे आणि वर फेकलेल्या झोताचे दिवे रात्री बंद ठेवावेत, जिन्यात आवश्यक तेवढेच दिवे लावावेत. शिकागोतील तलावाकाठच्या मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राच्या उजळलेल्या काचांवर ५ ऑक्टोबर २०२३ च्या एका रात्रीत सुमारे एक हजार स्थलांतरित पक्षी आदळून मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावण्यात आली आणि त्या शरद ऋतूत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. फिल्मवरचे हे ठिपके आपण घरी मार्करने काढणार आहोत त्यांच्यासारखेच, ठरावीक अंतरावरचे आहेत.

सोसायटी आणि नवे बांधकाम

सोसायटीपुढे विषय नेताना सगळ्या इमारतीचा आग्रह धरू नये. वहीतील नोंदी, दोन छायाचित्रे आणि एकाच दोषी ठिकाणाचा, बहुधा प्रवेशदालनाच्या किंवा जिन्याच्या काचेचा, रेडियमवाल्याकडून आणलेला खर्चाचा अंदाज एवढे घेऊन सेक्रेटरींना भेटावे. ‘इमारत विद्रूप दिसेल’ हा आक्षेप हमखास येतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा एका तावदानावर काम करून दाखवणे बरे. आठ-पंधरा दिवसांत आतून पाहणाऱ्याची नजर ठिपक्यांना सरावते आणि नंतर ते जाणवतही नाहीत.

घर नव्याने बांधायचे असेल, तर वास्तुविशारदाला आराखड्याच्या वेळीच सांगावे. आरशासारखी काच टाळणे, कोपऱ्यातील जोडकाच टाळणे, छज्जे खोल घेणे आणि मोठ्या काचेवर भट्टीत पक्के केलेले ठिपके किंवा रेघा घेणे, या चार गोष्टी तेव्हा फारशा खर्चाविना होतात. न्यूयॉर्कमधील जेकब जाविट्स सेंटर ही प्रचंड काचेची इमारत पक्षिमृत्यूंसाठी कुप्रसिद्ध होती. २०१४ पर्यंत चाललेल्या नूतनीकरणात तेथे अशी ठिपक्यांची काच बसवल्यावर धडका सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाल्या. त्याच शहरात २०२१ पासून नव्या इमारतींना जमिनीपासून ७५ फुटांपर्यंतची काच पक्ष्यांना दिसेल अशीच बसवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे काचेचा पुरवठा करणाऱ्या मोठ्या कंपन्या अशी छापील काच सजावटीसाठी बनवून देतच असतात. फक्त पाच सेंटीमीटरचे अंतर आणि खुणा बाहेरच्या पृष्ठभागावर, या दोन अटी मागणीपत्रात लिहून द्याव्या लागतात.

धडकलेला पक्षी सापडल्यास

मांजर, कुत्रा आणि कावळे यांच्यापासून पक्ष्याला आधी बाजूला करावे. हातावर रुमाल किंवा सुती कापड घेऊन त्याला पंख मिटलेल्या स्थितीत हलक्या हाताने उचलावे आणि बुटाच्या खोक्यात, तळाशी कापड अंथरून, ठेवावे. खोक्याला आधीच छिद्रे पाडलेली असावीत. झाकण लावून खोका शांत, अंधाऱ्या आणि ना गरम ना थंड अशा जागी ठेवावा. चोचीत पाणी घालू नये, ग्लुकोज देऊ नये, दाणे भरवू नयेत. शुद्ध हरपलेल्या पक्ष्याच्या घशातून पाणी फुप्फुसात जाते आणि चांगल्या हेतूने त्याचा जीव जातो. तारेच्या पिंजऱ्यात ठेवल्यास तो धडपडून पिसे मोडून घेतो. मुलांना दाखवण्यासाठी, फोटोसाठी झाकण वारंवार उघडू नये. अंधार आणि शांतता हाच या वेळी त्याचा उपचार आहे.

तासा-दोन तासांनी खोका बाहेर, काचेपासून दूर, झाडाजवळ नेऊन उघडावा. पक्षी सावध असेल तर आपणहून उडेल; हवेत फेकू नये. संध्याकाळ झाली असेल आणि तो दिवसा वावरणारा असेल, तर सकाळपर्यंत थांबावे. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, एक डोळा मिटलेला असेल, मान वाकडी होत असेल किंवा दोन तासांनंतरही तो पायांवर उभा राहत नसेल, तर घरी उपाय करत बसू नये. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. मुंबईत परळचे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आणि नागपुरात सेमिनरी हिल्स येथील वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर येथे जखमी पक्ष्यांवर उपचार होतात. पक्षी बरा झाला म्हणून पाळण्यासाठी ठेवून घेता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. फोन करताना पक्षी नेमका कोठे, किती वाजता आणि कोणत्या काचेखाली सापडला हे सांगावे, कारण धडकेचा मार आहे हे कळले, की डॉक्टर आधी डोके आणि डोळे तपासतात.